व्हिस्कीचे पिंप आणि दहा जणांची भिशी

विशेष प्रतिनिधी

परभणी : येथील बाजारपेठेत भिशी माहीत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. दहा-वीस जणांनी दरमहा ठरावीक रक्कम जमा करायची, चिठ्ठी टाकायची आणि ज्याचा नंबर लागेल त्याने रक्कम उचलायची. चिट फंड कायदा, १९८२ अन्वये मोठ्या रकमेचा असा व्यवहार नोंदणीशिवाय करता येत नाही. तरीही गल्लोगल्ली तो चालतो आणि बहुधा सुखरूप पारही पडतो. याचे कारण एकच. भिशीतील प्रत्येक जण दुसऱ्याचे घर, दुकान आणि सासुरवाडी ओळखून असतो.

या भिशीच्या नात्यातला म्हणावा असा एक व्यवहार स्कॉटलंडमध्ये रूढ आहे. मित्रांनी वर्गणी काढून (आजच्या तरुणांच्या भाषेत 'कॉन्ट्री' करून) व्हिस्कीचे अख्खे पिंप विकत घ्यायचे, ते गोदामात आठ-दहा वर्षे मुरू द्यायचे आणि मग बाटल्या भरून वाटून घ्यायच्या. हौसेचा हा मामला आता परदेशी कंपन्यांच्या जाहिरातींतून 'गुंतवणूक' म्हणून इंटरनेटवर फिरत आहे. चार पैसे बाळगून असलेल्या मित्रमंडळाला त्याची भुरळ पडणे अशक्य नाही. म्हणूनच हा व्यवहार नेमका कसा चालतो, त्यात मालकी कोणाची असते आणि परभणीत बसलेल्या माणसाच्या हाती त्यातून काय पडू शकते, हे पाहणे उपयुक्त ठरेल.

लीथच्या गोदामातील मंडळ

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण एडिनबर्गचे आहे. पिप हिल्स नावाच्या गृहस्थांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात उत्तर स्कॉटलंडमधील प्रवासात थेट पिंपातून काढलेली व्हिस्की चाखली. बाजारातील बाटलीत पाणी मिसळून तीव्रता कमी केलेली आणि थंड करून गाळलेली व्हिस्की मिळते. पिंपातील व्हिस्की तिच्याहून फारच निराळी आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. एकट्याला पिंप परवडणारे नव्हते. त्यांनी मित्रांकडून पैसे गोळा केले, स्पे नदीच्या खोऱ्यातील ग्लेनफार्क्लास या डिस्टिलरीतून एक पिंप विकत घेतले आणि आपल्या जुन्या लगोंडा मोटारीतून एडिनबर्गला आणले.

पिंप संपले. मित्रांच्या मित्रांनाही चव कळली होती, त्यामुळे दुसरे घ्यावे लागले, मग तिसरे. मंडळ इतके वाढले की १९८३ मध्ये लीथ बंदरातील 'द व्हॉल्ट्स' ही मद्याच्या गोदामाची जुनी इमारत घेऊन 'स्कॉच मॉल्ट व्हिस्की सोसायटी' रीतसर स्थापन करण्यात आली. सोसायटीच्या बाटल्यांवर डिस्टिलरीचे नाव नसते, केवळ क्रमांक असतो. त्यातील पहिला क्रमांक ग्लेनफार्क्लासला मिळाला. पुढे २००४ मध्ये ही सोसायटी ग्लेनमोरांजी कंपनीने विकत घेतली, २०१५ मध्ये ती खासगी गुंतवणूकदारांकडे गेली आणि २०२१ मध्ये तिची मालक कंपनी लंडनच्या शेअर बाजारात नोंदली गेली. मित्रांच्या वर्गणीचे कंपनीत रूपांतर व्हायला चार-साडेचार दशके लागली. आपल्याकडील काही सहकारी संस्थांना तेवढाही वेळ लागला नाही, हा भाग अलाहिदा.

हिल्स यांच्या मित्रांना जे सहज जमले त्यामागचे कारण मात्र लक्षात घ्यायला हवे. पिंप त्यांच्या डोळ्यांसमोर होते. डिस्टिलरी काही तासांच्या अंतरावर होती आणि पैसे देणारा प्रत्येक जण पुढच्याच महिन्यात आपला वाटा बाटलीत भरून घरी नेत होता. म्हणजे ती खरोखरीची भिशीच होती.

पिंपात काय घडते

ब्रिटनच्या कायद्यानुसार धान्यापासून काढलेला मद्यार्क ओकच्या लाकडाच्या पिंपात किमान तीन वर्षे, आणि तेही स्कॉटलंडमध्येच, मुरल्याशिवाय त्याला स्कॉच व्हिस्की म्हणता येत नाही. पिंप ७०० लिटरपेक्षा मोठे चालत नाही. प्रचारात असलेली मापे तीन : सुमारे २०० लिटरचे 'बॅरल', सुमारे २५० लिटरचे 'हॉग्जहेड' आणि ५०० लिटरच्या आसपासचे 'बट'. ताजा मद्यार्क पाण्यासारखा निर्मळ असतो. रंग आणि चवीचा मोठा भाग लाकडातून येतो. त्यामुळे पिंप पूर्वी कशासाठी वापरले होते, बर्बन व्हिस्कीसाठी की शेरीसाठी, यावर किंमत ठरते.

लाकूड श्वास घेते. स्कॉटलंडच्या गार, दमट हवेत पिंपातील सुमारे दोन टक्के द्रव दरवर्षी उडून जातो. तेथील लोक त्याला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. आपल्याकडे हे देवदूत बरेच तहानलेले आहेत. बंगळूर आणि गोव्याकडे ही घट वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास जाते. मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या वर नेणाऱ्या परभणीत २०० लिटरचे पिंप ठेवले आणि घट दहाच टक्के धरली, तरी तीन वर्षांनी १४६ आणि दहा वर्षांनी ७० लिटर उरतील. स्कॉटलंडमध्ये दहा वर्षांनी १६० लिटरहून अधिक शिल्लक राहते. उष्ण हवेत व्हिस्की लवकर मुरते, ही त्याची दुसरी बाजू. बंगळूरच्या अमृत डिस्टिलरीने आपली सिंगल मॉल्ट २००४ मध्ये थेट ग्लासगो शहरात बाजारात आणली आणि गोव्यात कुंकळ्ळी येथे तयार होणारी पॉल जॉन २०१२ मध्ये आली, ती या हवामानाच्या जोरावरच. आपल्याकडे 'व्हिस्की' या नावाने खपणाऱ्या स्वस्त मालाचा बराच भाग मात्र उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्काचा असतो. त्याचा पिंपाशी फारसा संबंध येत नाही.

आता वाटणीचा हिशेब. २०० लिटरच्या पिंपात ६३.५ टक्के तीव्रतेचा मद्यार्क भरला, तर त्यात शुद्ध मद्यार्क १२७ लिटर होतो. दोन टक्क्यांच्या घटीने दहा वर्षांनी तो १०४ लिटरच्या आसपास येतो. ४६ टक्के तीव्रतेने बाटल्या भरल्या, तर ७० सेंटिलिटरच्या सुमारे ३२० बाटल्या निघतात. दहा मित्र असतील तर प्रत्येकी ३२. हा हिशेब कागदावर सुंदर दिसतो. पिंप गळके निघाले, लाकूड थकलेले असले किंवा तीव्रता ४० टक्क्यांच्या खाली घसरली, तर तो कोलमडतो. ४० टक्क्यांखालच्या द्रवाला स्कॉच म्हणून विकताच येत नाही. म्हणूनच काही वर्षांनी पिंपातील द्रव आणि तीव्रता पुन्हा मोजून घ्यावी लागते. त्याचे शुल्क वेगळे, गोदामाचे भाडे वेगळे, विमा वेगळा, बाटल्या भरण्याचा खर्च आणखी वेगळा. जाहिरातीत ठळक छापलेली किंमत ही खर्चाची सुरुवात असते.

मालकी कोणाची?

पिंप सरकारी देखरेखीखालील गोदामात असते, कारण त्यावरील कर अद्याप भरलेला नसतो. मालक झालो म्हणून टेम्पो घेऊन ते उचलून आणता येत नाही. गोदामवाल्याच्या वहीत ज्याचे नाव, तोच मालक. हे नाव बदलण्यासाठी विकणाऱ्याने गोदामवाल्याला लेखी आदेश द्यावा लागतो. त्यास 'डिलिव्हरी ऑर्डर' असे म्हणतात. गोदामवाल्याने तो स्वीकारून खरेदीदाराच्या नावाची खातरजमा केली, तरच व्यवहार पुरा झाला असे समजावे. विकणाऱ्या कंपनीने सोनेरी शिक्क्याचे, झुळझुळीत कागदावरचे 'मालकी प्रमाणपत्र' पाठविले, तर ते भिंतीवर लावण्यापलीकडे फारसे कामाचे नसते. सातबारा तलाठ्याच्या दप्तरात एकाच्या नावे असताना इसारपावती घेऊन फिरणाऱ्याची जी गत, तीच येथे होते.

ही भीती काल्पनिक नाही. मार्च २०२५ मध्ये बीबीसीने पिंपांच्या गुंतवणुकीतील फसवणुकीवर शोधवृत्त प्रसारित केले. काहींना बाजारभावाच्या कितीतरी पट दराने पिंपे विकण्यात आली होती, काहींची पिंपे अस्तित्वातच नव्हती, तर एकच पिंप अनेकांना विकल्याचेही त्यात उघड झाले. लंडन शहर पोलिसांनी अशा कंपन्यांची चौकशी हाती घेतली. फसलेल्यांत आयुष्यभराची पुंजी लावलेली माणसे होती. त्यातील बहुतेक स्कॉटलंडपासून एका दिवसाच्या प्रवासावर राहणारी होती, हे परभणीकरांनी विसरू नये. त्यामुळे पैसे पाठविण्यापूर्वी पिंपाचा क्रमांक, डिस्टिलरीचे नाव, भरल्याची तारीख, गोदामाचा पत्ता आणि ताज्या मोजणीचे आकडे मागावेत आणि ते विकणाऱ्याकडून न घेता थेट गोदामाकडून पडताळून घ्यावेत. गोदाम उत्तर देत नसेल तर व्यवहार तेथेच सोडावा.

मित्रांचा प्रश्न याहून नाजूक. गोदामाच्या वहीत दहा नावे सहसा लागत नाहीत; खाते एकाच्या नावे असते. समजा, पिंप तीन हजार पौंडांचे आहे. पौंड ११५ रुपयांच्या आसपास धरला तर ही रक्कम साडेतीन लाखांच्या घरात जाते, म्हणजे प्रत्येकी पस्तीस हजार. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेनुसार एका व्यक्तीस आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविता येते, त्यामुळे रकमेची अडचण नाही. परंतु नऊ जणांनी दहाव्याच्या खात्यात पैसे भरले आणि त्याने ते पाठविले, तर बँकेच्या आणि गोदामाच्या लेखी खरेदीदार तो एकटाच ठरतो. दहा वर्षांत तो वारला, कर्जबाजारी झाला किंवा त्याचे मन फिरले, तर बाकीच्यांनी कोणाकडे पाहायचे?

भिशीत दर महिन्याला कोणाचा तरी नंबर लागतो, त्यामुळे लबाडी दोन-चार महिन्यांत उघडी पडते. येथे दहा वर्षे कोणाचाच नंबर लागत नाही. म्हणून साधा का होईना, पण स्टॅम्पपेपरवर करार हवाच. कोणी किती दिले, वार्षिक भाडे कोण भरणार, एखाद्याला मध्येच बाहेर पडायचे असल्यास त्याचा वाटा कोणत्या दराने घ्यायचा, मृत्यूनंतर वारसाला काय मिळणार, आणि सर्वांत वादाचा मुद्दा म्हणजे बाटल्या केव्हा भरायच्या. आठव्या वर्षी एकाच्या मुलीचे लग्न निघते, दुसऱ्याला बारावे वर्ष हवे असते. बहुमताने ठरेल, एवढे एक वाक्य लिहून ठेवले तरी मैत्री वाचते. हौसेने, आपसात वाटण्यासाठी घेतलेले पिंप ही सहमालकी झाली. नफ्यासाठी विकायला घेतले, तर तो व्यवहार भागीदारीकडे झुकतो आणि भागीदारी कायदा, १९३२ मधील तरतूद आड येते : नोंदणी नसलेल्या भागीदारी संस्थेतील भागीदाराला करारातील हक्कासाठी आपल्याच भागीदारांविरुद्ध दिवाणी दावा सहसा लावता येत नाही.

परभणीपर्यंत काय पोहोचेल

मराठवाड्याला दारूच्या सरकारी हिशेबाची ओळख नवी नाही. निजामाच्या राजवटीत दारूविक्रीचा मक्ता, म्हणजे 'गुत्ता', लिलावाने दिला जाई. रस्त्याचे काम घेणाऱ्याला आपण आजही 'गुत्तेदार' म्हणतो, तो हाच शब्द. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा येथेही लागू झाला. त्या कायद्याचा गाभा असा की, मद्य बाळगणे व पिणे यांस बंदी हा नियम आणि परवाना हा अपवाद. परवाना व्यक्तीच्या नावे मिळतो, मित्रमंडळाच्या नावे नाही. विदेशी मद्यासाठी वयाची अट २५ वर्षे आहे आणि किती साठा बाळगता येईल यालाही मर्यादा आहे. घरात पिंप ठेवणे, त्यातून बाटल्या भरणे आणि मित्रांना पैसे घेऊन देणे यांपैकी काहीही त्या वैयक्तिक परवान्यात बसत नाही.

तसेही अख्खे पिंप परभणीत येऊ शकत नाही. सिंगल मॉल्ट स्कॉच स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद व्हायला हवी, असा नियम नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. पिंपानेच ती बाहेर नेली तर ते नाव लावता येत नाही. मग उरते बाटल्यांची आयात. भारतात स्कॉचवर १५० टक्के सीमाशुल्क होते. २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात ते अंमलबजावणीबरोबर ७५ टक्के आणि दहाव्या वर्षी ४० टक्क्यांवर आणण्याचे ठरले. राज्याचे उत्पादन शुल्क वेगळे. महाराष्ट्राने आयात मद्यावरील ते २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ३०० वरून १५० टक्के केले. ही सवलत परवानाधारक आयातदारांच्या उपयोगाची. दहा मित्रांनी ३२० बाटल्यांसाठी आयातीचा परवाना, लेबलची नोंदणी आणि गोदाम असा खटाटोप करायचा म्हटले, तर बाटलीची किंमत दुकानातील उंची स्कॉचच्याही वर जाईल.

राहता राहिला प्रवाशाचा मार्ग. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्काशिवाय आणता येते. त्यात ७० सेंटिलिटरच्या दोनच बाटल्या बसतात. आपल्या वाट्याच्या ३२ बाटल्या परभणीत आणायच्या, तर प्रत्येक मित्राला स्कॉटलंडच्या सोळा फेऱ्या कराव्या लागतील.