नाण्याला लागलेला बट्टा

कुळाला बट्टा लागला असे आपण सहज लिहितो. तो शब्द मुळात सराफाच्या पेढीवरचा. पेशवाईत अंकुशी, चांदवडी असे निरनिराळ्या टाकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत. पोतदार ते पारखी, आणि कस, झीज पाहून जी वजावट ठरे ती बट्टा. सराफांनी ठोकलेल्या खुणा आजही जुन्या रुपयांवर दिसतात. बंगालात तर कहरच होता. चांदी तीच, वजनही तेच, तरी छापाचे साल उलटले की शिक्का रुपयाचा भाव उतरे. वय हाच दोष! यावर कंपनीने नामी तोड काढली: पुढच्या नाण्यांवरही शाह आलमच्या राज्यारोहणाचे १९ वे वर्षच छापत राहिली. १८३५ च्या कायद्याने तिच्या मुलखासाठी एकसारखा रुपया आला.

इंग्लंडात १७५८ साली, मिलर विरुद्ध रेस या खटल्यात, लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी टपालातून चोरलेली नोट प्रामाणिकपणे, मोल देऊन घेणाऱ्याकडेच राहू दिली. पैशाला पूर्वायुष्य चिकटले तर व्यवहार थांबेल, हे त्यामागचे व्यावहारिक शहाणपण.

जमिनीचे तसे नाही. द्रोणागिरी हा उरण तालुक्यातला सिडकोचा नोड. १९८४ च्या जानेवारीत याच तालुक्यात, भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात, पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले. पुढे प्रकल्पग्रस्तांसाठी साडेबारा टक्के योजना आली. असा भूखंड घेणारा मूळ वाटप कोणाला, मधले करार किती, वारसांची हरकत आहे काय, हे वकिलाकडून तपासून घेतो. पण किमतीपोटी हाती येणारी नोट काल कोणाकडे होती, हे विकणारा विचारीत नाही.

बिटकॉइन स्वतःला नाणे म्हणवते, परंतु वागते भूखंडासारखे. जानेवारी २००९ पासूनचे त्याचे प्रत्येक हस्तांतर सार्वजनिक वहीत आहे. जणू सातबारा नाण्यासोबतच फिरतो. मागचा माग चोरीपर्यंत गेला तर विनिमय कंपनी खाते रोखू शकते. भारतात मार्च २०२३ पासून या कंपन्यांना आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायदा लागू आहे. तेव्हा वापरणाऱ्याने काळजी करावी काय? आमच्या मते करावी. विशेषतः अनोळखी माणसाकडून परस्पर नाणी घेणाऱ्याने. मिसळून टाकणाऱ्या सेवांचा आसरा घेतला तर संशय वाढतोच. शिवाय एका पारख्याला निर्मळ वाटलेले नाणे दुसऱ्याला डागाळलेले वाटू शकते. पेशवाईतला पोतदार निदान नाणे घेतानाच बट्टा सांगे. येथे तो कळतो बहुधा नाणे खात्यात जमा झाल्यावर, आणि तोवर देणारा निघून गेलेला असतो.