शोकांतिकेतील क्षमा : डेस्डिमोना, सिंधू आणि पाबळची मस्तानी

ख्रिस्ती विचारातली क्षमा अपराध्याची पात्रता पाहत नाही आणि तिची किंमत क्षमा करणाराच मोजतो. क्रुसाचा अर्थ तोच. ही कसोटी लावली की वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन मृत्युप्रसंगांतला फरक उघड होतो.

‘ऑथेल्लो’त नवऱ्याच्या हातून मरणारी डेस्डिमोना त्याचे नाव घेत नाही, दोष स्वतःवर घेते. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त (पहिला प्रयोग १९१९) सिंधूही दारुड्या नवऱ्याला, सुधाकरला वाचवायला मरताना खोटी जबानी देते. पण डेस्डिमोनाच्या धर्मात मरतानाचे असत्य पाप आहे; त्या खोट्यापायी ती नरकात गेली, असे ऑथेल्लोच म्हणतो. म्हणजे तिने आत्माच पणाला लावला. सिंधूचे खोटे मात्र पातिव्रत्याच्या खात्यात पुण्य म्हणून जमा होते. ती जीव देते, परलोक धोक्यात घालत नाही. शिवाय पतिव्रतेला क्षमा नाकारण्याची मुभा आहेच कुठे? जी नाकारता येत नाही तिला क्षमा म्हणायला मी कचरतो. ते व्रत झाले.

बाप-लेकीच्या नात्यालाही हीच कसोटी लावता येते. ‘किंग लिअर’मधल्या कॉर्डेलियाच्या लेखी बापाचा अपराधच उरत नाही. ‘नटसम्राट’मध्ये (१९७०) शिरवाडकरांनी कॉर्डेलियाच ठेवली नाही, नायक बेलवलकरांची लाडकी मुलगी नलूच त्यांच्यावर चोरीचा आळ घेते. ती रिकामी जागा भरतो बूटपॉलिशवाला राजा. ना नात्याचा, ना गोत्याचा; बायबलातल्या चांगल्या शोमरोन्यासारखा वाटेत भेटलेला. मराठी रंगभूमीवर ख्रिस्ती प्रेमाच्या सर्वांत जवळ जाणारे पात्र माझ्या मते हेच, आणि तेही ख्रिस्ताचे नाव न घेता.

क्षमेचा हा प्रश्न नाटकाबाहेरही उभा राहतो. शिरूर तालुक्यातल्या पाबळला बाजीराव पेशव्यांच्या मस्तानीची कबर आहे. १७४० मध्ये बाजीराव रावेरखेडीला वारले आणि पाठोपाठ तीही गेली. प्रेम, घरच्यांचा रोष, कैद, मृत्यू : शोकांतिकेचा सगळा ऐवज इथे आहे. तिचा मुलगा समशेर बहाद्दर पुढे पेशव्यांच्या घरात वाढला आणि १७६१ मध्ये पानिपतच्या जखमांनी गेला. त्याला सांभाळले हीच पेशवे कुटुंबाची क्षमा, असे म्हणायचा मोह होतो. पण मस्तानीने त्यांचा अपराध कोणता केला होता? क्षमेचा अधिकार अन्याय सोसणाऱ्याचा, म्हणजे इथे मस्तानीचा. तिच्यावर नाटक लिहिणाऱ्याने तो अधिकार तिला द्यावा, आणि क्षमा नाकारण्याचाही.