थायरॉइड स्वप्रतिपिंड चाचणी

थायरॉइड स्वप्रतिपिंड चाचणी ही अवटू ग्रंथीविरुद्ध, म्हणजेच थायरॉइडविरुद्ध, रुग्णाच्याच शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे शोधणारी रक्तचाचणी होय.

इतिहास

जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ साली अवटू ग्रंथीच्या एका विकाराचे वर्णन केले. १९५६ साली लंडनमध्ये आयव्हन रॉइट, डेबोरा डोनियाक व सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या रक्तद्रवात थायरोग्लोब्युलिनविरोधी प्रतिपिंडे दाखविली.

प्रकार

थायरॉइड पेरॉक्सिडेज (टीपीओ) व थायरोग्लोब्युलिन यांविरुद्धची प्रतिपिंडे मुख्यत्वे हाशिमोतो विकारात, तर टीएसएच-ग्राहीविरुद्धची प्रतिपिंडे ग्रेव्ह्ज विकारात आढळतात.

खानदेशातील संदर्भ

जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या उत्तरेस सातपुडा पर्वत आहे. डोंगराळ प्रदेशात पावसाने मातीतील आयोडीन वाहून जाते व गलगंड उद्भवू शकतो. त्यावर उपाय म्हणून १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू होऊन आयोडीनयुक्त मिठाचा प्रसार झाला. तथापि प्रत्येक गलगंड आयोडीनअभावी नसतो. आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या व्यक्तीचा गळा सुजल्यास अथवा टीएसएच वाढल्यास टीपीओ प्रतिपिंडांची चाचणी कारण उलगडण्यास साहाय्यभूत ठरते. स्वप्रतिरक्षेमुळे झालेला विकार अधिक आयोडीन घेऊन बरा होत नाही. उलट अतिरिक्त आयोडीनने तो बळावू शकतो.

मर्यादा

निरोगी व्यक्तींमध्येही, विशेषतः स्त्रियांत, ही प्रतिपिंडे आढळतात; त्यामुळे केवळ होकारार्थी अहवाल म्हणजे आजार नव्हे. हाशिमोतो विकारात औषधाची मात्रा टीएसएचवरून ठरते. टीपीओ चाचणी वारंवार करण्याची आवश्यकता नसते. गर्भवतीत ही प्रतिपिंडे आढळल्यास टीएसएच नियमित तपासतात. बायोटिनच्या गोळ्यांमुळे काही यंत्रांवरील निष्कर्ष चुकू शकतात.