ओपनची जात

जानेवारी २००३ मध्ये आमच्या सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री झाले. कोर्टात शिपायाचं काम करत शिकलेला, पुढं फौजदार झालेला माणूस राज्याच्या खुर्चीवर बसला. पण पेपरात, पारावर, एसटीत शब्द एकच, 'दलित मुख्यमंत्री'. पहिल्यांदाच घडत होतं, तर नोंद व्हायलाच पाहिजे. मात्र त्यांच्या आधी यशवंतराव, वसंतदादा, शरदराव, विलासराव झाले, तेव्हा 'मराठा मुख्यमंत्री झाला' असं आमच्या पारावर कुणी म्हटलं नाही. ते नुसते मुख्यमंत्री. मीही त्याच समाजातला, म्हणून स्पष्ट बोलतो.

शिंदे १९७४ ला करमाळ्याच्या राखीव जागेवरून आमदार झाले, हे सगळ्यांना पाठ. पण १९९८ आणि १९९९ ला ते सोलापुरातून लोकसभेवर गेले, तेव्हा ती जागा ओपन होती. मुख्यमंत्री झाल्यावर दक्षिण सोलापुरातून निवडून आले, तीही ओपन. सोलापूर लोकसभा राखीव झाली ती २००९ च्या निवडणुकीपासून. तरी पारावरचा गडी बोलून जातो, 'आरक्षणाचे ते!'

आता राखीव जागा म्हणजे काय? उमेदवार ठरावीक जातींचा, पण मत सगळ्या गावाचं. बाबासाहेबांनी वेगळे मतदारसंघ मागितले होते. गांधीजी येरवड्यात उपोषणाला बसले आणि १९३२ च्या पुणे करारात राखीव जागा, पण एकत्र मतदान, अशी तडजोड झाली. म्हणून राखीव जागेवरच्या माणसाला मराठा, लिंगायत, धनगर, माळी, मुसलमान, पद्मशाली अशा सगळ्यांच्या दारात जावं लागतं. नुसत्या आपल्या जातीवर त्याचं भागतच नाही. ओपनच्या जागेवर मोठ्या जातीच्या माणसाचं मात्र पुष्कळदा भागतं.

७३ वी घटनादुरुस्ती १९९३ ला लागू झाली आणि हेच गावात आलं. सरपंचपदाची सोडत ओपन निघाली, की कुठल्या भावकीची मतं किती, सोयरे कुठल्या वस्तीवर, हे रात्रभर बोटावर मोजतात. त्याला म्हणायचं 'गणित'. राखीव निघाली आणि दलित वस्तीतल्या चार पोरांनी आपली मतं मोजली, की 'गावात जातीचं राजकारण शिरलं'. मोजणी तीच, नाव निराळं.

याची किंमत कामाला मोजावी लागते. पाटलाच्या दारापर्यंत डांबर आधी गेलं, तर तो विकास. राखीव सरपंचानं गटार आपल्या वस्तीतनं सुरू केली, तर त्यानं जात बघितली. मग तो बिचारा आपल्याच वस्तीचं काम मागं ठेवतो, आणि तिथली माणसं पाच वर्षं चिखल तुडवतात.

काही शहाणे म्हणतात, जातीचं नावच काढू नका. पण नाव न काढल्यानं दुबळ्याची जात झाकत नाही, मोठ्याचीच तेवढी झाकते. काढायचं तर सगळ्यांचं काढा. पुढच्या सोडतीत चिठ्ठी कसलीही निघू दे, मोजणीला एकच नाव ठेवू.