आखूड स्प्रिंगची कुळकथा

जुन्या मोटारीची मागची बाजू खाली आणण्याचा सरळ मार्ग म्हणजे मागच्या स्प्रिंगा काढून त्या जागी आखूड स्प्रिंगा घालणे. हात बसलेला मेकॅनिक हे काम एका दिवसात उरकतो. पण गाडीची उंची, स्प्रिंगचा ताठरपणा आणि चाकाला वर सरकायला उरणारी जागा या तीन गोष्टी एकमेकींत अशा गुंतलेल्या आहेत की एकीला हात लावला की उरलेल्या दोन हलतात. आखूड स्प्रिंगची कुळकथा ही मुख्यतः या गुंत्याची उकल होत गेल्याची कथा आहे, आणि तिचे काही टप्पे अहिल्यानगरात, म्हणजे लोकांच्या तोंडच्या नगरात, आजही डोळ्यांनी पाहता येतात.

नगर जिल्ह्याच्या माळावर पिढ्यान् पिढ्या चाललेल्या बैलगाडीला स्प्रिंग नव्हती. आख साट्याखाली घट्ट बसवलेला असे आणि गाडीची उंची चाकाच्या व्यासावरून ठरे. खड्ड्याचा दणका आखातून साट्यात आणि तिथून बसणाऱ्याच्या मणक्यात जाई. बग्गी आणि टांगा यांच्याबरोबर कमानपाटे आले. पोलादाच्या कमी-कमी लांबीच्या पट्ट्या एकावर एक रचायच्या, मधोमध बोल्टने आवळायच्या आणि सर्वांत लांब पाट्याची दोन्ही टोके वळवून त्यांचे डोळे करायचे, अशी ही रचना. भार आला की कमान सपाट होते, भार उतरला की परत वळते. पाटे एकमेकांवर घासत असल्याने उसळीही थोडी आपोआप जिरते. लंडनच्या ओबाडाया इलियटने १८०४ मध्ये दोन कमानी तोंडाशी तोंड लावून लंबगोल स्प्रिंगचे पेटंट घेतले. त्यामुळे बग्गीच्या पोटाखालून जाणारा जड लाकडी दांडा अनावश्यक ठरला आणि गाडी हलकी झाली, शिवाय खालीही आली. गाडी खाली आणण्याचे श्रेय स्प्रिंगला मिळते ते इथून पुढे.

वेटोळ्यांच्या स्प्रिंगचे इंग्लंडमधले पेटंट त्याहून जुने, १७६३ चे आहे. ताण आणि बळ यांचे प्रमाण ठरलेले असते हा नियम रॉबर्ट हूकने १६७८ मध्येच प्रसिद्ध केला होता. तरीही गाड्यांमध्ये वेटोळी स्प्रिंग फार उशिरा आली, कारण पाटा दोन कामे करतो. तो भार पेलतो आणि आखाला पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकूही देत नाही. वेटोळी स्प्रिंग फक्त भार पेलते. आखाला जागेवर धरायला वेगळे दांडे द्यावे लागतात, आणि ते दांडे नीट जमायला विसावे शतक उजाडावे लागले.

पहिल्या मोटारी घोडा सोडलेल्या बग्ग्याच होत्या. उंच, आखूड आणि वरून जड. मार्च १९०० मध्ये फ्रान्समधील नीस–ला तुर्बी या घाटशर्यतीत डाइमलर गाडी चालवणारा विल्हेल्म बाउअर अपघातात मेला. त्यानंतर एमिल येलिनेक या व्यापाऱ्याने कारखान्याकडे लांब, रुंद आणि जमिनीलगत बसणारी गाडी मागितली. विल्हेल्म मायबाखने ती घडवली आणि येलिनेकच्या मुलीवरून तिचे नाव मर्सिडीझ पडले. १९०१ च्या ३५ अश्वशक्तीच्या या गाडीपासून आधुनिक मोटारीचा आराखडा सुरू झाला असे मानतात. गाडी खाली आणण्याची मागणी शोभेसाठी जन्मली नव्हती. तिच्या मुळाशी वळणावर उलटण्याची भीती होती.

पुढची उडी अमेरिकेत इंडियानापोलिसला पडली. १९०७ च्या सुमारास तिथल्या अमेरिकन मोटार कार कंपनीने चासीच आखाखाली टांगली. अमेरिकन अंडरस्लंग या नावाने ओळखली गेलेली ही गाडी मोठ्या चाकांवर असूनही ठेंगणी दिसे. तिच्यातले तत्त्व आजही गॅरेजात लागू पडते. पाटे आखावर ठेवले तर गाडी वर जाते, आखाखाली बांधले तर खाली येते. पाटा आणि आख यांच्यामध्ये घातलेला पोलादी ठोकळाही त्याच न्यायाने वागतो. ट्रकमध्ये पाटे आखावर असतात, तिथे ठोकळ्याने मागची बाजू उचलली जाते. बहुतेक जुन्या मोटारींत पाटे आखाखाली असतात, तिथे तोच ठोकळा गाडी खाली बसवतो. १९२२ च्या लान्चिया लॅम्ब्डाने वेगळी चासी जवळजवळ रद्द करून अंगालाच सांगाडा केले, आणि १९३४ च्या सिट्रोएन ट्रॅक्सियों आव्हांने ओढ पुढच्या चाकांना देऊन गाडीच्या पोटाखालचा फिरता दांडा काढून टाकला. या गाड्या जन्मतःच बुटक्या होत्या. त्यांची उंची नंतर कुणाला कमी करावी लागली नाही.

उलट दिशेचा प्रवास पाहायचा तर नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये जावे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ मध्ये उभारलेल्या या संग्रहात रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टच्या चासीवर बांधलेली चिलखती गाडी आहे. मुळात ही श्रीमंतांची, आवाज न करता पळणारी मोटार. पहिल्या महायुद्धात तिच्यावर पोलादी पत्रा आणि तोफघुमट चढला आणि वजन साडेचार टनांपलीकडे गेले. मूळच्या मऊ पाट्यांवर हा भार घातला असता तर मागची बाजू चाकाची चाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यांवर टेकली असती. म्हणून पाटे भक्कम केले गेले आणि मागच्या आखावर दुहेरी चाके आली. त्याच आवारात चर्चिल रणगाडा आहे. त्याच्या दर बाजूला ११ बोगी, आणि प्रत्येक बोगीला आपापली वेटोळी स्प्रिंग. सेंच्युरियन रणगाड्यात याच वेटोळ्या आडव्या झोपवल्या आहेत, म्हणजे उंची न खाता चाकाला हलायला जागा मिळते. रणगाड्याच्या रचनाकारालाही ठेंगणेपण हवे असते, कारण उंच रणगाडा लवकर दिसतो आणि लवकर मारला जातो. पण त्याने उंची कमी करताना चाकाची हालचाल कमी केलेली नाही. मोटारी खाली बसवणाऱ्यांनी इथे थोडा वेळ थांबून पाहावे असे हे लोखंड आहे.

स्प्रिंगचा ताठरपणा किती असावा याचे शास्त्र १९३० च्या दशकात बसले. मॉरिस ओली हा रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेला इंग्रज अभियंता. गाडीवर वजने इकडून तिकडे हलवत त्याने प्रवाशाला कोणती उसळी सुखाची वाटते हे तपासले आणि एक उपयुक्त नियम दिला: मागच्या स्प्रिंगची आंदोलनाची गती पुढच्यापेक्षा किंचित जास्त असावी. कारण साधे आहे. उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला नंतर. फियाट ११०० च्या दोन आखांमधले अंतर २.३४ मीटर. ताशी ६० किलोमीटर वेगाला मागचे चाक त्याच उंचवट्यावर सुमारे ०.१४ सेकंद उशिरा पोचते. मागची बाजू जरा वेगाने हलली तर ती पुढचीला गाठते, आणि गाडी मान डोलावण्याऐवजी सपाट वर-खाली होते. १९३४ मध्ये जनरल मोटर्सच्या गाड्यांत पुढे वेटोळ्या स्प्रिंगा आल्या. १९३८ मध्ये ब्यूइकने त्या मागेही बसवल्या.

त्यानंतरच मागची स्प्रिंग कापण्याची सोय झाली. लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांतील तरुणांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे जुन्या शेव्हरोले गाड्या खाली बसवायला सुरुवात केली. आधी डिकीत वाळूची पोती ठेवली, मग ठोकळे घातले, मग स्प्रिंगची वेटोळी कापली. या गाड्या हळू चालवायच्या होत्या. रंग, क्रोम आणि रस्त्यालगत सरकणारे अंग हे त्यांचे वैभव होते, आणि गरीब वस्तीतल्या पोरांनी कारखान्याच्या मालावर उमटवलेली ती स्वतःची मोहोर होती. १९५८ च्या आरंभी कॅलिफोर्नियात कायदा आला: गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली येईल असा बदल करायचा नाही. तिथल्या रॉन अगिरे या तरुणाने लगेचच आपल्या कॉर्व्हेटला विमानातले तेलदाबाचे पंप बसवले. पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली. शर्यतवाल्यांनी दुसरा रस्ता धरला. त्यांना वळणावर कमी कलणारी गाडी हवी होती, म्हणून त्यांनी आखूड आणि त्याचबरोबर ताठ अशा स्प्रिंगा मुद्दाम वळवून घेतल्या. आज बाजारात मिळणारी आखूड स्प्रिंग या दुसऱ्या घराण्यातली आहे.

कापलेली आणि घडवलेली स्प्रिंग यांतला फरक हिशेबात दिसतो. समजा मागच्या एका चाकावर २५० किलो भार आहे आणि स्प्रिंग दर सेंटिमीटरला २० किलो घेते. गाडी उभी असताना ती १२.५ सेंटिमीटर दबलेली असेल. रबरी ठोकळ्यापर्यंत आणखी १० सेंटिमीटर जागा असेल तर खड्ड्यात ती २०० किलोचा जादा दणका पेलेल. आता गाडी ४ सेंटिमीटर खाली घेतली. उरली ६ सेंटिमीटर जागा. तोच दणका तेवढ्यात पेलायचा तर ताठरपणा दर सेंटिमीटरला सुमारे ३३ किलो लागतो. पण इतकी ताठ स्प्रिंग २५० किलोखाली साडेसातच सेंटिमीटर दबते. म्हणजे मोकळी लांबी ४ नव्हे, ९ सेंटिमीटरने कमी करावी लागते. शिवाय चाक खाली लोंबले की साडेसात सेंटिमीटरनंतर स्प्रिंग बैठकीत सैल होते, निसटूही शकते. आंदोलनाची गती सेकंदाला १.४ वरून १.८ वर जाते. हा फरक पाठीला जाणवतोच. ओलीच्या नियमाच्या दिशेने पाहता मागची बाजू ताठ होणे समूळ चूक नाही, पण पुढची तशीच ठेवून मागची एवढी ताठ केली तर मेळ बिघडतो.

आठ वेटोळ्यांतली दोन कापली तर ताठरपणा आपोआप सव्वापट ते दीडपटीच्या मध्ये कुठेतरी जातो, कारण वेटोळी जितकी कमी तितकी स्प्रिंग ताठ. म्हणून कापणे अगदीच निराधार नाही. बिघडते ते टोक. कारखान्यातल्या स्प्रिंगचे शेवटचे वेटोळे दाबून सपाट केलेले असते, कापलेले टोक बैठकीवर एका बिंदूवर टेकते आणि तिथूनच तडा जातो. गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून बसवणे त्याहून वाईट. त्याने पोलादाचे पाणी उतरते आणि स्प्रिंग पुढे बसतच राहते.

महाराष्ट्रातल्या जुन्या गाड्यांपैकी वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, कुर्ल्याला बनलेली फियाट ११०० आणि तिची पुढची आवृत्ती पद्मिनी यांना मागे कमानपाटे आहेत. अॅम्बेसेडरलाही तेच. कॉन्टेसा आणि प्रीमियर ११८ एनई या मात्र मागे वेटोळ्या स्प्रिंगांच्या. आखूड स्प्रिंगचे काम खऱ्या अर्थाने या दोघींवर होते. चासी स्टँडवर टेकवायची, आखाखाली जॅक लावायचा, शॉकअपचे खालचे बोल्ट सोडायचे आणि जॅक हळूहळू उतरवायचा. आख खाली येतो, स्प्रिंग मोकळी होते आणि हाताने निघते. ब्रेकचा रबरी होज ताणला जात नाही ना, हे तेव्हाच पाहायचे. नवी स्प्रिंग रबरी बैठकीसह बसवली की आखाला आडवा धरणारा दांडा तपासायचा. तो कमानीत फिरतो, त्यामुळे गाडी खाली आली की आख थोडा एका बाजूला सरकतो आणि एका बाजूचे टायर मडगार्डजवळ येते. बोल्टचा शेवटचा आवळा गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना द्यायचा, नाहीतर दांड्याचे रबरी बुश कायमचे पिळलेले राहतात. पाट्यांच्या गाडीत ठोकळा चालतो किंवा पाट्यांची कमान कमी करून घेतात. पुष्कळ जुन्या फियाटींना यातले काहीच लागत नाही. पन्नास वर्षांत पाटे बसलेलेच असतात. म्हणून आधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजून पाहणे शहाणपणाचे.

रस्त्याचाही विचार हवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. गावोगावचे गतिरोधक त्याहून उभट असतात. नगर जिल्ह्यातल्या करंजी किंवा चंदनापुरीच्या घाटात वळणावर खाली बसलेली गाडी चांगली धरते, पण घाट उतरल्यावरच्या पहिल्याच गावात ती पोट घासते.

भारतातला कायदा या बाबतीत कडक आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतले तपशील कारखान्याच्या मूळ वर्णनापेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. मूळ वर्णनाची पारख नमुना गाडीवर होते. केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ मध्ये त्यासाठी नेमलेल्या संस्थांत पुण्याच्या एआरएआयबरोबर नगरच्या वाहननगरातील व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेचेही नाव आहे. तिथे चाचणीमार्गही आहेत.

जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी वेगळी नोंदणी सुरू झाली. क्रमांकात व्हीए ही अक्षरे येतात, पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. रोजच्या वापराला बंदी आहे, प्रदर्शन आणि रॅलीला मुभा. चासी, अंगाचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेली गाडी या वर्गात बसत नाही. त्यामुळे अशा गाडीची उंची बदलायचीच असेल तर मागची चासी कापून वर घेण्याचा मार्ग बंद ठरतो. स्प्रिंग बोल्टवर निघते आणि बोल्टवर बसते, म्हणून मूळ जोडी तेल लावून जपून ठेवायची आणि तपासणीच्या वेळी ती परत बसवता येईल असेच काम करायचे.