निधी मंजूर झाला, पण काम झालं का? ओकलंडची वीस वर्षं

शहराने गुन्हे रोखायला पैसे दिले आणि गुन्हे कमी झाले, तर योजना यशस्वी म्हणायची का? संशोधनाचा प्रस्ताव लिहिण्याआधी हा प्रश्न एकदा स्वतःला विचारून बघा. उत्तर शोधायला कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहराचा अलीकडचा इतिहास फार उपयोगी आहे.

नोव्हेंबर २००४ मध्ये ओकलंडच्या मतदारांनी ‘मेजर वाय’ मंजूर केला. म्हणजे लोकांनी स्वतःवरच कर लावून घेतला: मालमत्तेवर ठरावीक रक्कम आणि पार्किंगवर अधिभार. वर्षाला साधारण २ कोटी डॉलर. अग्निशमन दलाचा वाटा काढून उरलेल्यातले ६० टक्के वस्त्यांमधल्या पोलिसांसाठी आणि ४० टक्के प्रतिबंधक कामांसाठी. म्हणजे तुरुंगातून सुटलेल्यांना रोजगार, धोक्यातल्या मुलांसोबत काम, घरगुती हिंसेच्या पीडितांना मदत वगैरे.

यात एक अट होती. पोलिसांची संख्या ७३९ च्या खाली गेली, तर हा कर वसूलच करता येणार नाही. हेतू चांगला होता, नवे पैसे आले म्हणून शहराने जुना खर्च कापू नये. पण मंदी आली, तिजोरीत तूट पडली आणि जुलै २०१० मध्ये शहराने ८० पोलिसांना कामावरून काढलं. आता गंमत बघा: पोलीस कमी झाले म्हणून मुलांसोबत काम करणाऱ्यांचाही निधी अडचणीत आला! त्याच नोव्हेंबरात मतदारांनी ही अट स्थगित केली.

२०१२ मध्ये शहराने ‘सीझफायर’ नव्या दमाने सुरू केलं. ही कल्पना मूळची १९९० च्या दशकातल्या बोस्टनची. शहरातला बहुतेक गोळीबार अगदी थोड्या लोकांभोवती फिरतो, हे तिचं गृहीतक. अशा लोकांना शोधायचं, समोर बसवायचं आणि पोलिसांनी व वस्तीतल्या माणसांनी मिळून सांगायचं, ‘तुम्ही जगायला हवं आहात, मदत घ्या. पण गोळीबार केलात तर कारवाई होईल.’ २०१४ मध्ये ‘मेजर झेड’ने निधी पुढे चालू ठेवला.

२०१२ मध्ये ओकलंडमध्ये १२० हून जास्त खून झाले होते. २०१८ मध्ये ते ७० च्या आसपास आले. पण नुसते हे दोन आकडे शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. वाईट वर्षानंतर आकडा आपोआपही खाली येतो. म्हणून अँथनी ब्रागा आणि सहकाऱ्यांनी राज्यातल्या इतर शहरांशी तुलना केली. बंदुकीने होणाऱ्या खुनांमधली सुमारे ३१ टक्के घट त्यांनी सीझफायरशी जोडली.

मग २०२१ मध्ये आकडा पुन्हा १२० च्या वर. महामारीत अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत खून वाढले, त्यामुळे ‘कोविडमुळे’ म्हणून विषय संपवणं सोपं होतं. पण जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या तपासणीत दिसलं की मधल्या काळात सीझफायर फार पातळ झालं होतं. नाव तेच होतं, पण त्या थोड्या लोकांवरचं लक्ष सुटलं होतं.

आता तुम्ही संशोधक आहात असं समजा. तुमच्या तक्त्यात २०१३ ते २०२३ या प्रत्येक वर्षापुढे ‘योजना सुरू: हो’ असं लिहिलंत, तर निष्कर्ष काय निघेल? योजना काही वर्षं चालली, नंतर निकामी झाली. कागदावर बरोबर, प्रत्यक्षात चूक. आम्ही प्रयोगशाळेत बाटलीवरचं लेबल वाचून थांबत नाही, आत खरंच किती तीव्रतेचं द्रावण आहे ते तपासतो. इथेही तेच करायचं.

म्हणून सरकारी योजनेवर काम करणार असाल तर ‘परिणाम झाला का?’ याआधी दोन रकाने भरा. पैसे कोणत्या अटीवर आले? आणि त्या वर्षी किती लोकांपर्यंत काम खरंच पोहोचलं? दुसरा रकाना भरताना सगळ्यात जास्त वेळ जातो. तो वेळ आराखड्यात आधीच धरून ठेवा.