विगिन्सचे वारस : मराठी किशोर-रहस्यकथेने केलेली अभिजात हेरकथेची पुनर्रचना

मराठी रहस्यकथेचा विचार आपल्याकडे बहुतांशी ‘लोकप्रिय साहित्य’ या सदराखाली, आणि किशोरांसाठी लिहिलेल्या साहित्याचा विचार ‘संस्कार’ या सदराखाली झालेला आहे. किशोर-रहस्यकथा ही या दोन सदरांच्या सीमेवर उभी असल्यामुळे दोन्हीकडून तिची उपेक्षा झाली. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारांवर कादंबऱ्यांची नोंद संख्येचा विक्रम म्हणून होते, भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचे स्मरण बालपणीच्या आठवणींतून होते. या संहितांनी एका परक्या, पक्क्या आकृतिबंधाचे नेमके काय केले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात तो एका मर्यादित अंगाने विचारावयाचा आहे. अभिजात हेरकथेच्या रचनेत किशोराला कोणते स्थान होते, आणि किशोर-रहस्यकथेने ते स्थान कसे बदलले?

१

आर्थर कॉनन डॉयलच्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ (१८८७) या पहिल्या होम्स-कादंबरीतच मुले आहेत. बेकर स्ट्रीटवरील फाटक्या कपड्यांतल्या पोरांची एक टोळी होम्सने पदरी बाळगलेली असून विगिन्स हा तिचा म्होरक्या आहे. ‘द साइन ऑफ फोर’मध्ये (१८९०) हीच टोळी थेम्सच्या काठाने एका नौकेचा माग काढते. ही पोरे सर्वत्र जातात, सर्व पाहतात, सर्व ऐकतात; पोलिसाला पाहून मिटणारी तोंडे त्यांच्यासमोर उघडी असतात. या कामाचा मोबदला शिलिंगमध्ये मोजला जातो. त्यांनी आणलेल्या माहितीचा अर्थ लावण्याचा अधिकार मात्र त्यांना नाही. तो बैठकीच्या खोलीत, होम्सपाशी राहतो. माहिती रस्त्यावर आणि ज्ञान खोलीत, अशी ही विभागणी आहे. ती वर्गीय आहे, तशीच वयाचीही आहे.

त्स्वेतान तोदोरोव याने १९६६ मध्ये हेरकथेच्या प्रकारांचे विवेचन करताना तिच्यात दोन कथा असतात असे दाखवून दिले : एक गुन्ह्याची आणि दुसरी तपासाची. पहिली घडून गेलेली असते, पण प्रत्यक्षात सांगितलेली नसते. दुसरी सांगितलेली असते, पण तिच्यात फारसे घडत नाही. अभिजात हेरकथेतला तपास म्हणूनच स्थिर असतो. होम्स कितीही धावपळ करीत असला, तरी उलगड्याचा क्षण बसून बोलण्याचा असतो आणि त्या बोलण्याला वॉटसनसारखा श्रोता लागतो. या रचनेत तीन जागा निश्चित होतात : जाणणारा, ऐकून सांगणारा आणि निरोप आणणारा. किशोर तिसऱ्या जागेवर आहे. पुढच्या शतकात किशोरांसाठी लिहिल्या गेलेल्या रहस्यकथांनी त्याला तेथून हलवले. हे हलवणे दोन दिशांनी झाले : एक दुसऱ्या जागेकडे, दुसरी पहिल्या जागेकडे.

२

मराठीत हेरकथा आली ती प्रौढांसाठी. अर्नाळकरांच्या धनंजय-छोटू या जोडीत होम्स-वॉटसन घराण्याची खूण स्पष्ट दिसते. भालबा केळकरांनी होम्सच्या कथा मराठीत आणल्या, तेव्हा मूळ नायकाचीही मराठी वाचकाशी ओळख झाली. या साऱ्या साहित्याचे किशोर हे फार मोठे वाचक होते. वाचनालयातून आणलेली अर्नाळकरांची कादंबरी पाठ्यपुस्तकाखाली दडवून वाचणे हा एका पिढीच्या वाचनसंस्काराचाच भाग होता. पण त्या कादंबऱ्यांत त्यांना स्वतःचे प्रतिबिंब सापडत नव्हते. किशोर वाचक होता, पात्र नव्हता.

भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी ही उणीव भरून काढली. भागवत हे मुळात उत्तम रूपांतरकार. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या त्यांनी ‘चंद्रावर स्वारी’, ‘समुद्र सैतान’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ अशा नावांनी मराठीत आणल्या. परकी कथा आपल्या भाषेत उभी करताना काय टिकते आणि काय टिकत नाही, याचा त्यांना प्रत्यक्ष अनुभव होता. ‘बालमित्र’चे संपादक म्हणून किशोर वाचकाची नाडीही त्यांना ठाऊक होती. या दोन्हींच्या मिलाफातून बनेश फेणे जन्मला : फुरसुंगीहून पुण्यात विद्याभवन शाळेत शिकायला आलेला, काडीसारखा हडकुळा, सायकलवर स्वार, तोंडाने ‘ट्टॉक्’ असा आवाज काढणारा मुलगा.

फेणेची तुलना होम्सशी करण्याचा मोह होतो, पण त्याचा खरा पूर्वज विगिन्स आहे. त्याच्यापाशी प्रयोगशाळा नाही, राखेच्या प्रकारांवरील प्रबंध नाही, बैठकीची खोली नाही. त्याचे भांडवल म्हणजे त्याची गती आणि त्याचे नगण्य दिसणे. मोठी माणसे मुलाकडे पाहत नाहीत. म्हणून मूल मोठ्यांकडे निवांत पाहू शकते. डॉयलने हे सामर्थ्य ओळखले होते, पण ते भाड्याने घेतले. भागवतांनी ते नायकाच्या मालकीचे केले. त्यामुळे तोदोरोवने सांगितलेल्या दोन कथांचे प्रमाणही पालटले. फेणेच्या कथेत गुन्हा पूर्वीच घडून गेलेला नसतो. तो घडत असतो आणि नायक त्याच्या वाटेत असतो. तपास बसून होत नाही, धावत होतो. हे कलादृष्ट्या उणेपण मानले जाते. साहसकथा आणि रहस्यकथा यांची सरमिसळ झाली, असा आक्षेप त्यावर येऊ शकतो. परंतु खोली नसलेल्या नायकाला धावण्यावाचून दुसरी ज्ञानरीती उपलब्ध नाही, हे ध्यानात घेतले तर ही सरमिसळ रचनेची अपरिहार्यता ठरते.

याच वाटेवरचा आधीचा टप्पा एरिख केस्टनरच्या ‘एमिल अँड द डिटेक्टिव्ह्ज’ (१९२९) या जर्मन कादंबरीत दिसतो. आगगाडीत चोरीस गेलेल्या नोटा आपल्याच आहेत हे एमिल सिद्ध करतो ते टाचणीच्या छिद्रांवरून, कारण त्याने त्या कोटाच्या अस्तराला टाचून ठेवल्या होत्या. पुरावा शास्त्रातून आलेला नाही. कष्टाने पैसा जोडणाऱ्या आईच्या मुलाने घेतलेल्या काळजीतून आलेला आहे. किशोर-रहस्यकथेतला पुरावा किशोराच्या जगण्यातून आला पाहिजे, हे तत्त्व येथे प्रथम ठसठशीतपणे दिसते.

३

दुसरी दिशा बंगालीत घडली आणि अनुवादाने मराठीची झाली. सत्यजित राय यांनी १९६५ मध्ये ‘संदेश’ या मासिकातून फेलूदा हा नायक आणला. अशोक जैन यांच्या अनुवादांमुळे तो मराठी किशोरांच्या वाचनात रुळला. फेलूदा होम्सचे ऋण लपवीत नाही. लंडनला गेल्यावर तो बेकर स्ट्रीटला जाऊन आपल्या गुरूला वंदन करतो. येथे जाणण्याची जागा प्रौढाकडेच राहते. बदलतो तो सांगणारा. वॉटसनच्या जागी फेलूदाचा किशोरवयीन भाऊ तोपशे येतो.

वरवर पाहता हा बदल लहान आहे. परिणाम मात्र दूरगामी आहेत. वॉटसनचे अज्ञान हे त्याच्या बुद्धीचे माप असते. ते कादंबरीगणिक तसेच राहते, कारण होम्सची प्रभा त्यावर अवलंबून असते. तोपशेचे अज्ञान हे त्याच्या वयाचे माप आहे, आणि वय पुढे सरकते. परिणामी निवेदनाला एक नवा काळ मिळतो. प्रत्येक प्रकरणाचा उलगडा हा त्याच वेळी एका मुलाच्या शिक्षणाचा धडा ठरतो. किशोर वाचकांसाठी लिहीत असल्याने राय यांना गुन्ह्यांची निवड मर्यादित ठेवावी लागली. लैंगिक हेतू आणि उघडी हिंसा वर्ज्य झाल्यावर पुरातन मूर्ती, हस्तलिखिते, रत्ने यांच्या चोऱ्या उरल्या. पण या मर्यादेने हेरकथेला वारशाचा विषय दिला. काय जपायचे आणि ते कोणी पळवले, हा प्रश्न पुढच्या पिढीच्या साक्षीने विचारला जाऊ लागला.

फेणे आणि तोपशे यांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न गैरलागू आहे. एकाला कृतीचे स्वातंत्र्य मिळाले, दुसऱ्याला कथनाचे. दोन्ही एकाच वेळी मिळालेला किशोर, म्हणजे स्वतः जाणणारा आणि स्वतःच सांगणारा, या परंपरेत दुर्मीळ राहिला. मुलीचे स्थान तर त्याहून गौण. फेणेच्या कथांत माली आहे, पण सोबतीण म्हणून. इंग्रजीत नॅन्सी स्प्रिंगरने २००६ पासून होम्सची धाकटी बहीण एनोला कल्पून, तिच्याच तोंडून कथा सांगवून, हे दोन्ही अधिकार एका मुलीला दिले. मूळ संहितेत नसलेल्या पात्रासाठी त्याच संहितेत जागा करणे ही पुनर्रचनेची सर्वांत धीट रीत म्हणावी लागेल.

४

फेणेचे पुढे काय झाले, हेही या संदर्भात बोलके आहे. २०१७ मध्ये आदित्य सरपोतदार यांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रपटात बनेश शाळकरी राहिलेला नाही. तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण आहे, आणि गुन्हाही परीक्षेच्या बाजाराचा आहे. विषयाची निवड अचूक आहे. आजच्या किशोराच्या जीवनातील खरी भीती तीच आहे. मात्र नायक मोठा होताच कथेत भूभू नावाचा एक चिमुरडा मुलगा अवतरतो, तो मदतनीस म्हणून. विगिन्सची रिकामी झालेली जागा आकृतिबंधाने आपोआप भरून काढली. वाङ्मयप्रकाराची स्मृती लेखकाच्या हेतूपेक्षा चिवट असते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

यातून एक प्रश्न उरतो. होम्सचे लंडन, फेणेचे पुणे, फेलूदाचे कलकत्ता ही जुनी, परस्परांना ओळखणाऱ्या माणसांची शहरे आहेत. तेथे ‘परका माणूस’ ही संशयाची पहिली खूण ठरू शकते. १९७० मध्ये सिडकोच्या स्थापनेनंतर आखून वसवलेल्या नवी मुंबईत पत्ता हाच सेक्टरचा क्रमांक आहे, आणि मूळ आगरी-कोळी गावे सोडली तर बहुतेक प्रत्येक जण कोठून तरी आलेला आहे. जेथे बहुतेक सारेच परके, तेथे संशयाची खूण कोणती? येथील किशोर वाचक पुनर्रचित हेरकथा प्रायः इंग्रजीतून वाचतो. वाशी-नेरूळच्या रस्त्यांवर सायकल चालवणारा, आणि आपली हकीकत आपणच सांगणारा मुलगा वा मुलगी मराठी कादंबरीत यावयाची, तर तिला या प्रश्नाचे नवे उत्तर शोधावे लागेल.

हेरकथा ही अखेर पुराव्याची कथा आहे, आणि पुराव्यावर विश्वास ठेवण्याआधी समाज साक्षीदाराचे वय पाहतो. फेणेला चोर सापडला तरी शेवटचा शिक्का पोलिसांचाच लागतो. किशोराच्या साक्षीला स्वतंत्र मोल आहे काय, हा या वाङ्मयप्रकाराच्या तळाशी असलेला प्रश्न नैतिक आहे. तो केवळ मनोरंजनाचा मानल्यामुळेच या संहितांचा अभ्यास खोळंबला आहे.